टमाट्याची मर व झाडपाल्याची औषधे

उभे पीक हिरवेगार असावे, फळ धरू लागलेले असावे, आणि आठवड्याच्या आत एकेक झाड मान टाकून वाळत जावे, याहून कास्तकाराच्या जिवाला अधिक चटका लावणारी गोष्ट बागाइतात क्वचितच असेल. टमाट्यावर, ज्यास आपल्या खेड्यांत अद्यापि भेदरे म्हणतात, हा प्रकार अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या ओलिताच्या वावरांत पुष्कळदा दृष्टीस पडतो. या हानीची सरकारी दप्तरात कोठेही नोंद होत नाही. पैसेवारी निघते ती गावच्या मुख्य पिकांवरून. कोणा एकाच्या वीस गुंठ्यांतील टमाटे मेले म्हणून गावची पैसेवारी एका पैशानेही खाली येत नाही. नुकसान ज्याचे त्याच्याच खात्यावर पडते. म्हणून ते टाळण्याचा विचारही ज्याचा त्यानेच करावयाचा आहे.

या रोगासंबंधी आम्हांस नेहमी एकच प्रश्न विचारण्यात येतो : “कोणता पाला उकळून झाडाच्या बुडाशी ओतावा?” प्रश्नाचा रोख स्तुत्य आहे. विषारी रसायनांवाचून काम भागावे, घरच्या बांधावरील निंब-करंजाचा उपयोग व्हावा, असे कोणास वाटणार नाही? परंतु उत्तर स्पष्ट द्यावयाचे तर, मान टाकलेले झाड उठविणारा पाला आमच्या माहितीत एकही नाही. झाडपाल्याच्या औषधांस या रोगात स्थान निश्चित आहे. मात्र ते झाड लावण्यापूर्वी जमिनीत आहे, झाड मरू लागल्यावर त्याच्या बुडाशी नाही. हा भेद न समजल्यामुळे आम्ही स्वतः फसलो आहोत, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगतो.

काही वर्षांमागे आमच्या विहिरीजवळच्या तुकड्यात टमाट्याची पाचपंचवीस झाडे एका कोपऱ्यात सुकली. निंबाचा पाला, लसूण व तंबाखू यांचा काढा करून आम्ही तो प्रत्येक झाडास तांब्या-तांब्याने घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडे टवटवीत दिसली व घरात आनंद झाला. दुपारी ती पुन्हा माना टाकून बसली. असे चार दिवस चालले; पाचव्या दिवशी ती सकाळीही उठली नाहीत. मग तालुक्याच्या एका दुकानातून “संपूर्ण वनस्पतिजन्य, मर हमखास बंद” असा मजकूर असलेली बाटली आणली, तिचाही परिणाम तोच. सकाळची टवटवी ही काढ्याची करामत नव्हतीच. रात्री पानांतून पाणी उडून जात नाही, म्हणून अर्धवट तुंबलेल्या नळ्यांतूनही झाडास पुरेसे पाणी मिळते. ऊन चढले की ते पुरत नाही. एवढी साधी गोष्ट आम्हांस तेव्हा ठाऊक नव्हती.

आता रोगाचे मूळ पाहू. ज्यास आपण सरसकट मर म्हणतो ती एक व्याधी नसून तीन-चार भिन्न व्याधींचे ते एकच नाव आहे. त्यांपैकी मुख्य ती फ्युजेरियम नावाच्या बुरशीची. ही बुरशी जमिनीत राहते, बारीक मुळांतून आत शिरते आणि खोडातील पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत आपले घर करते. बुरशीचे धागे आणि तिला अडविण्यासाठी झाडाने स्वतःच स्रवलेला डिंकासारखा पदार्थ, या दोहोंनी नळ्या बुजतात. प्रथम खालची पाने पिवळी पडतात, पुष्कळदा झाडाच्या एकाच अंगाची. मग पिवळेपणा वर चढतो. खोड उभे चिरले असता सालीच्या आत तपकिरी रेघ दिसते. बुडाशी ओतलेला काढा या नळ्यांत पोहोचत नाही आणि पोहोचला तरी बुजलेली नळी पुन्हा मोकळी होत नाही. शिवाय पीक संपल्यावर ही बुरशी जाड कवचाच्या बीजाणूंच्या रूपाने, खाद्य नसतानाही, कित्येक वर्षे मातीत पडून राहते. जमीन विसरत नाही, असे म्हटले तरी चालेल.

दुसरी मर जिवाणूची, त्याचे नाव राल्स्टोनिया. हिच्यात पाने पिवळी पडण्याची वाट न पाहता हिरवे झाडच एकदोन दिवसांत कोलमडते. तिसरी, खोडाच्या बुडाशी पांढऱ्या कापसासारखी बुरशी व मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसतात ती. ही स्क्लेरोशियम बुरशीची खोडकूज होय. चौथा अपराधी सूत्रकृमी. तो एकटा झाड सहसा मारीत नाही, परंतु मुळांवर गाठी आणून फ्युजेरियमला दरवाजा उघडून देतो. मेलेले झाड उपटून मुळांकडे पाहिल्यावाचून जो औषध आणावयास निघतो, तो अर्ज कोणत्या कचेरीत द्यावयाचा हे न विचारता तिकीट लावणाऱ्यासारखा होय.

बुरशी व जिवाणू यांतील भेद ओळखण्याची रीत अगदी सोपी असून तीस एक पेला पाण्याखेरीज काही लागत नाही. नुकत्याच सुकलेल्या झाडाच्या बुडाजवळचा दोन बोटे लांबीचा तुकडा धारदार चाकूने कापावा आणि काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात त्याचे कापलेले टोक बुडेल असा न हलविता धरावा. काही मिनिटांत टोकातून दुधासारखी धार खाली उतरू लागली तर ती जिवाणूची मर. धार नाही, पण आत तपकिरी रेघ आहे, तर फ्युजेरियमचा संशय धरावा. जिवाणूच्या मरीवर बुरशीनाशक, मग ते रासायनिक असो वा झाडपाल्याचे, पूर्णतः निरुपयोगी आहे. त्या वावरात वांगी, मिरची, बटाटा व टमाटे ही एकाच कुळातील पिके काही वर्षे न घेणे आणि रोग न लागणाऱ्या जातीचे बी आणणे हेच खरे. बंगलोरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने काढलेला अर्का रक्षक हा संकर या जिवाणूच्या मरीस दाद देत नाही.

आपल्या मुलखापुरती आणखी एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या तालुक्यांच्या बऱ्याच भागात, विहिरीचे पाणी खारट व जमीन चोपण असते. तेथे पाणी दिल्यावर माती चिखलासारखी मिटते, मुळांचा श्वास कोंडतो आणि झाड मान टाकते. कोणताही रोग नसता झाड मेले तर त्यास पाला काय करणार? अशा झाडाच्या खोडात तपकिरी रेघ नसते, पेल्यात धार उतरत नाही, मुळे मात्र काळवंडलेली व कुजकी निघतात. तेथे उंच गादीवाफे, पाण्याचा निचरा आणि हलके व जपून पाणी हाच उपाय. नुसत्या काळ्या भारी जमिनीतही सततच्या पावसात हेच घडते.

झाडपाल्याच्या औषधांत अग्रपूजेचा मान निंबाचा. परंतु निंब म्हणजे एक वस्तू नव्हे. निंबोळीचा ५ टक्के अर्क, म्हणजे ५ किलो निंबोळीचे भरड पीठ रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, १०० लिटर पाणी केलेले व त्यात थोडा साबणाचा चुरा मिसळलेला, हा किडींवरचा उपाय आहे. त्यातील ॲझाडिरेक्टिन हे द्रव्य किडीस खाऊ देत नाही व तिची वाढ रोखते. उन्हाने ते लवकर नासते म्हणून फवारणी सायंकाळी करावयाची. निंबतेल हे पानांवरील बुरशीवर, विशेषतः भुरीवर, उपयोगी पडते. या तेलाच्या बुरशीनाशक गुणाचे पेटंट १९९४ साली म्युनिक येथील युरोपीय पेटंट कचेरीने अमेरिकेच्या कृषिखात्यास व एका अमेरिकन कंपनीस दिले होते. त्याविरुद्ध दाखल झालेल्या पुराव्यांत पुणे व सांगली जिल्ह्यांत १९८५ व १९८६ साली शेतकऱ्यांसमक्ष केलेल्या प्रयोगांचा आधार होता. हा गुण आमच्या लोकांस आधीच विदित होता, असे ठरून ते पेटंट २००० साली रद्द झाले व २००५ साली त्यावरील अपीलही फेटाळण्यात आले. दप्तराचे महत्त्व जाणणाऱ्या आमच्यासारख्यास ही हकीकत फार गोड वाटते. पण गोड वाटली तरी तिचा अर्थ मर्यादेतच घ्यावा : तो विजय पानांवरील बुरशीचा होता, मुळातून शिरणाऱ्या मरीचा नव्हे.

मरीच्या कामी निंबाची जी वस्तू खरोखर उपयोगाची ती निंबोळी पेंड. तेल काढून उरलेली ही पेंड ओलसर मातीत कुजू लागली की तिच्यातून निघणारी कडू द्रव्ये व अमोनिया सूत्रकृमींस आणि कित्येक बुरशींस बाधक होतात. त्याहून मोठे काम असे की, पेंडीवर पोसलेले मातीतील असंख्य निरुपद्रवी जीव वाढतात व फ्युजेरियमला अन्न आणि जागा दोन्ही मिळू देत नाहीत. या कामास वेळ लागतो. म्हणून पेंड लागवडीच्या दोनतीन आठवडे आधी, एकरी निदान दोन क्विंटल, सरीत मिसळून वर हलके पाणी द्यावे. लागवडीच्या दिवशीच ताजी पेंड खड्ड्यात कोंबल्यास कोवळ्या मुळांस उष्णता व अमोनिया यांनी इजा होते. पैसा अगदीच व्यर्थ जात नाही. पेंडीत शेकडा पाचच्या आसपास नत्र असते, ते पिकास मिळते व तेवढा युरिया कमी घालता येतो. युरियाचा अतिरेक फ्युजेरियमला मानवतो, हेही ध्यानात असावे. करंजाची पेंड याच रीतीने वापरता येते. बाजारची पेंड घेताना ती मुठीत चोळून वास घ्यावा. भेसळीची पेंड नाकास खडू-मातीसारखी लागते, आणि तिला कडवट उग्रपणा नसतो.

दुसरे द्रव्य मोहरीच्या जातीचे. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदात मोहरीचा उपयोग झाडांच्या रोगांवर सांगितलेला आहे आणि आजच्या रसायनशास्त्राने त्याचे कारणही दाखविले आहे. मोहरी, कोबी, फुलकोबी, मुळा या कुळातील झाडे चिरडून ओल्या मातीत गाडली असता, नाकास झोंबणारे जे द्रव्य त्यांतून निघते, ते मातीत धुरीसारखे पसरून बुरशीचे बीजाणू मारते. वायू कोंडून राहण्यासाठी वर झाकण मात्र हवे. याच्या जोडीस वऱ्हाडाचे ऊन घेतले म्हणजे उपाय दुणावतो. १९७६ साली इस्राएलमधील शास्त्रज्ञांनी ओल्या जमिनीवर पारदर्शक प्लास्टिक अंथरून केवळ सूर्याच्या उष्णतेने मातीतील रोगबीज मारता येते असे प्रसिद्ध केले. पुढे जोधपूरच्या केंद्रीय मरुक्षेत्र संशोधन संस्थेत जिऱ्याच्या मरीवर मोहरीचे अवशेष व उन्हाळ्यातील एक पाणी यांचा संयोग करून पाहण्यात आला व जमिनीतील फ्युजेरियम कमी झालेले आढळले. जोधपूरपेक्षा आमचा वैशाख सौम्य आहे असे ज्यास वाटते त्याने अकोल्यास मे महिन्यात दोन प्रहरी एकदा चालून पाहावे!

कृती अशी. हिवाळ्याअखेर कोबी-फुलकोबी निघाल्यावर जो पाला व बुडखे बांधावर फेकतो ते, अथवा मोहरीची पेंड, एप्रिलच्या उत्तरार्धात बारीक करून वीतभर खोलीपर्यंत मातीत मिसळावे. लगेच भरपूर पाणी द्यावे, वाफसा येताच जमीन सपाट करून तीवर पातळ, पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीने दाबाव्यात. काळे प्लास्टिक नको. त्याखाली माती तितकी तापत नाही. पाच-सहा आठवडे झाकण काढू नये. वरच्या थरात उष्णता ५० अंशांच्या घरात जाते. हे सर्व वावरास परवडणारे नाही, हे आम्ही जाणतो. परंतु रोपवाटिकेचे वाफे आणि ज्या कोपऱ्यात झाडे मेली तो कोपरा, एवढ्यापुरते ते कोणासही परवडेल. वीतभराखालचे बीजाणू या उष्णतेतून वाचतात, हेही सांगून ठेवतो. त्यानंतर खोल नांगरट करून खालची माती वर आणल्यास केलेले काम वाया जाते.

लसणाविषयी पुष्कळ ऐकू येते. लसणातील ॲलिसिन १९४४ साली वेगळे करण्यात आले. काचेच्या बशीत ते बुरशीस खरोखर मारते. पण ते फार अस्थिर आहे, मातीत घातल्यावर त्याचा जोर टिकत नाही. बशीतला निकाल वावरात जसाच्या तसा येत नाही, आणि निव्वळ बशीतल्या निकालावर कितीएक बाटल्या विकल्या जातात. झेंडूची गोष्ट निराळी. त्याच्या मुळांतील द्रव्य सूत्रकृमींस मारक आहे. मुळांवर गाठी आढळल्या असतील तर टमाट्यापूर्वी झेंडूचे पीक घ्यावे वा ओळींमध्ये त्याच्या ओळी लावाव्यात. दसऱ्या-दिवाळीस फुले विकून दोन पैसे मिळतील ते वेगळेच.

बाटल्यांचा विषय निघालाच आहे तर आमच्या जुन्या पेशाची सवय म्हणून एक सूचना करतो. कागद वाचल्याशिवाय पैसा मोजू नये. १९६८ च्या कीटकनाशक अधिनियमान्वये बुरशीनाशक म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाच्या वेष्टनावर नोंदणी क्रमांक, घटक, मुदत आणि कोणत्या पिकावरील कोणत्या रोगासाठी तो आहे, हे छापलेले असते. आमच्या त्या बाटलीवर यांपैकी काहीच नव्हते. होता तो एक निंबाच्या फांदीचा सुंदर रंगीत छाप. “वनस्पतिजन्य” हा शब्द म्हणजे नोंदणी नव्हे.

पेंडीचा खरा सोबती ट्रायकोडर्मा. ही वनस्पती नसून स्वतः एक बुरशीच आहे. परंतु ती दुसऱ्या बुरशींस वेढून खाते व मुळांभोवतीची जागा आधी व्यापून बसते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागाकडे याविषयी विचारपूस करावी. चांगल्या कुजलेल्या १०० किलो शेणखतात एक किलो ट्रायकोडर्मा मिसळून, सावलीत ओल्या गोणपाटाखाली दहा-पंधरा दिवस ठेवावा व मग तो पेंडीबरोबर एक एकर सऱ्यांत द्यावा. रोपे लावण्यापूर्वी लिटरभर पाण्यात १० ग्रॅम या मानाने केलेल्या द्रावणात मुळे अर्धा तास बुडवावीत. ज्या दिवशी ट्रायकोडर्मा दिला त्याच सुमारास ताम्रयुक्त वा अन्य बुरशीनाशक मातीत ओतू नये. दिलेल्या जिवास आपल्याच हाताने मारल्यासारखे होते. प्लास्टिकखालची तापवणी आधी, ट्रायकोडर्मा नंतर, हा क्रमही याच कारणासाठी पाळावयाचा.

एक भीती मात्र निष्कारण आहे. “या वावरात तूर मरत होती, येथे टमाटे लावू नयेत,” असे सांगणारे भेटतात. तुरीची मर पुसा येथील संशोधक बटलर यांनी १९०६ च्या सुमारास अभ्यासली व १९१० साली तिच्या बुरशीस नाव दिले. ती फ्युजेरियमच्याच घराण्यातील खरी, परंतु तिची शाखा निराळी. तूर मारणारी टमाट्यास मारीत नाही आणि टमाट्यास मारणारी तुरीच्या वाटेस जात नाही. कपाशीचीही तशीच स्वतंत्र. उलट तुरीपासून शिकण्यासारखे आहे ते असे की, तुरीत ज्वारी मिसळून पेरली असता मर कमी पडते, हे पाटणचेरूच्या आंतरराष्ट्रीय संस्थेत मोजून पाहण्यात आले आहे. आमचे वाडवडील कपाशी, तूर, ज्वारी यांची पाळी लावीत, ती नुसती रूढी नव्हती. टमाट्याच्या वावरातही दोनतीन वर्षे ज्वारी किंवा गहू घेऊन मग परत यावे. बुरशी पूर्ण नाहीशी होणार नाही, पण तिचा भार उतरेल.

आणि बी. अमेरिकेत मिसूरी येथे १९३९-४० च्या सुमारास एका रानटी, बारीक फळाच्या टमाट्यात फ्युजेरियमला न जुमानण्याचा गुण सापडला व संकराने तो लागवडीच्या जातींत आणला गेला. तेव्हापासून बुरशीनेही आपले नवे वाण काढले आहेत. म्हणून बियाण्याच्या पुडीवर कोणत्या वाणांविरुद्ध प्रतिकार आहे तो आकडा वाचून घ्यावा. आमच्या मते, ज्या वावरात मर निश्चित झाली आहे तेथे पहिला रुपया प्रतिकारक बियाण्यावर, दुसरा पेंडीवर आणि उरल्यास बाकीचा विचार.

आमच्या त्या कोपऱ्याचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतील. मेलेली झाडे मुळांसकट उपटून जाळली. ती खताच्या खड्ड्यात टाकली असती तर रोग साऱ्या वावरात आमच्याच बैलगाडीने वाहून नेला असता. दोन वर्षे तेथे ज्वारी घेतली, तिसऱ्या उन्हाळ्यात कोबीचा पाला गाडून प्लास्टिक अंथरले, मृगानंतर पेंड व ट्रायकोडर्मा दिला. लागवडीत दोन ओळी मुद्दाम पेंडीवाचून ठेवल्या होत्या. त्या दोन ओळींत झाडे अधिक मेली, पेंडीच्या ओळींत थोडी. परंतु मेली, हे लपविण्यात अर्थ नाही. कोणते झाड कोठे मेले याचा नकाशा आम्ही तेव्हापासून चौकटीच्या वहीत ठेवतो, गट नंबर व वर्ष घालून. यंदा कोणत्या कोपऱ्यावर प्लास्टिक अंथरावयाचे, हे त्या वहीवरूनच ठरते. ज्यांच्या वावरात या हंगामात झाडे मेली आहेत त्यांनी, खुणा पुसून जाण्यापूर्वी, निदान काठ्या तरी रोवून ठेवाव्यात. निंबोळ्या ज्येष्ठ-आषाढात पडू लागतात. त्या वेचून सावलीत वाळविण्यास घरची मुले व म्हातारी माणसे पुरी पडतात, आणि गावातील तेलघाण्यावर त्यांची पेंड करून घेता आली तर भेसळीची शंकाही उरत नाही.